जहाजातून आलेली टाकी

लग्न होऊन मी नाहूरला आले तेव्हा आमचे हे परळच्या एका गिरणीत विणायच्या साच्यावर होते. वर्ष-दीड वर्षात संप झाला आणि तो काही मिटला नाही. सासरे त्याच गिरणीतून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी अंघोळ करून, टोपी घालून दारात बसायचे, जणू कोणी बोलवायला येणार आहे. हे मात्र घरात बसत नसत. सकाळी बाहेर पडायचे, संध्याकाळी यायचे, आणि दिवसभर कुठे होतो ते सांगायचे नाहीत. एकदा आले ते अंगाला जळक्या तेलाचा वास घेऊन. शर्टाला बारीक बारीक भोकं पडली होती, ठिणग्यांची. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "जहाज तोडूचा काम गावला."

हे मालवणकडचे. बाहेर मुंबईचंच मराठी बोलायचे, पण एखादी गोष्ट सांगायला जड जात असली की गावची भाषा बाहेर पडायची.

काम दारूखान्याला होतं, रे रोडच्या पलीकडे, समुद्रकाठी. जगभर फिरून जुनी झालेली जहाजं भरतीच्या वेळी तिथल्या चिखलात आणून रुतवत आणि माणसं लावून तोडत. कुठल्या देशाचं जहाज आहे ते कामगारांना ठाऊक नसे. हे घरी येऊन सांगायचे ते जहाजात काय सापडलं त्यावरून. एका जहाजात म्हणे भिंतभर येशूची चित्रं होती, एकात लाकडी खडावांसारख्या चपलांचा ढीग. गॅसने लोखंड कापायचं काम यांना शिकवलं ते जौनपूरकडच्या एका कटरने. वयाने यांच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा असेल, पण सगळे त्याला उस्ताद म्हणत. पेटती नळी हातात कशी धरायची, वारा कुठून येतोय ते बघून कुठे उभं राहायचं, पत्रा सुटण्याआधी कसा आवाज करतो, हे सगळं त्याने यांचा हात धरून शिकवलं.

मी तिथे एकदाच गेले. घरचा डबा विसरला होता हे निमित्त; खरं म्हणजे मला बघायचं होतं. जहाजाची एक बाजू पार कापून काढलेली, आणि आतल्या खोल्या समोरून उघड्या पडलेल्या, एखाद्या चाळीची पुढची भिंत काढून टाकावी तशा. एका खोलीत पलंग होता, वर आरसा तसाच. माणसं दोरांना लटकून कापत होती. मग कोणीतरी वरून हाळी दिली आणि खालची सगळी माणसं पळाली. आमच्या चाळीच्या भिंतीएवढा पत्रा सुटून चिखलात पडला. पायांखालची जमीन हलली. पळणाऱ्यांत सगळ्यात शेवटी हे होते, आणि यांच्या मागे, यांना पाठीत ढकलत, उस्ताद.

डबा मी तिथल्या मुकादमाकडे दिला आणि परत आले. यांना भेटलेच नाही.

पुढे मोठी जहाजं गुजरातच्या किनाऱ्यावर जायला लागली. तिथे भरती मोठी, किनारा लांबच लांब. ठेकेदाराने दोघांना विचारलं, येता का म्हणून. उस्तादचं मन होतं. आमच्या घरात मात्र चार दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

"तुम्ही गेलात तर मी हिला घेऊन गावी जाते," मी म्हटलं.

"आणि खाशील काय तिथे?"

"ते मी बघीन. पण रोज इथे बसून वाट बघायची नाही मला."

यांच्यासाठी साकीनाक्याचं काम मीच शोधलं. संपाच्या दुसऱ्या वर्षापासून मी तिथे एका गाळ्यात ट्यूबलाइटचे स्टार्टर जोडायला जात होते. घाटकोपरहून बस पकडायची. शेजारचा गाळा होता जहाजाच्या भंगारवाल्या शेठचा. दारूखान्याहून ट्रक भरून माल यायचा: पितळी गोल खिडक्या, सागवानी दरवाजे, वॉशबेसिनं, नांगराचं चित्र असलेले कप, पंप, मोटारी. चांगलं असेल ते दुरुस्त करून विकायचं, उरलेलं कापून भट्टीला पाठवायचं. त्या भागातल्या निम्म्या घरांत तेव्हा जहाजाचं काहीतरी असायचंच. आमच्याकडेही एक स्टीलचा जग होता, त्यावर कुणालाही वाचता न येणारी अक्षरं कोरलेली. सासूबाई त्यात ताक करायच्या. शेठला कटर हवे आहेत असं कळलं, मी यांना सांगितलं, यांनी उस्तादला आणलं. जहाज सुटलं म्हणून मी त्या महिन्यात निर्धास्त झोपले.

उस्तादला शेठने गाळ्यातच पोटमाळ्यावर झोपायला जागा दिली. मुंबईत त्याचं दुसरं कोणी नव्हतं; बायको-मुलं गावी. त्या जागेमुळे शेठला तो कशालाच नाही म्हणू शकत नसे.

आमच्या गाळ्याचं एक वेगळंच होतं. मध्यंतरी कोणीतरी माल बाहेर नेला असा मालकाला संशय आला, तेव्हापासून सुपरवायझर आम्हाला आत घेऊन जाळीच्या सरकत्या दरवाजाला बाहेरून कुलूप लावायचा. आम्ही आठ-नऊ बायका. बाथरूमला जायचं असेल तरी हाका मारायच्या. सुरुवातीला आम्ही कुरकुरलो, मग सवय झाली. कशाचीही सवय होते. दुपारी सुपरवायझर जेवायला नाक्यावर जायचा तेव्हा किल्ली त्याच्या खिशात असायची. हे आपला डबा घेऊन बाहेरच्या पायरीवर येऊन बसत, मी आत जाळीला टेकून बसे, आणि जाळीतून आम्ही एकमेकांना भाजी देत असू. बाकीच्या बायका चिडवायच्या. आम्हाला तेवढाच काय तो निवांत वेळ मिळायचा, कारण घरी दीड खोलीत सहा माणसं होती.

ती टाकी उन्हाळ्यात आली. भोपाळची दुर्घटना होऊन वर्षही झालं नव्हतं. कुठल्यातरी मांस वाहून नेणाऱ्या जहाजाच्या थंड खोल्यांचं यंत्र ट्रकमधून उतरवलं, आणि त्याच्यासोबत ही टाकी, आडवी, लोडासारखी, हिरवट रंगाची, माणसाच्या उंचीएवढी लांब. यंत्राला गिऱ्हाईक होतं. टाकी कापून टाकायची होती.

दोन गाळ्यांमधली भिंत पत्र्याच्या छपरापर्यंत पोचत नव्हती, वर हातभर फट होती. त्यामुळे पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू यायचं. सकाळी यांनी टाकीवर हातोडीने ठोकल्याचे आवाज आले. वर टण्ण, खाली बद्द. मग यांचा आवाज.

"शेठ, यात काहीतरी आहे."

"काय असणार? जहाज तोडून महिने झाले."

"खालून भरलेली वाजतेय. मी नाही कापणार ही."

"अरे, कापायलाच ठेवलाय ना तुला?"

"दुसरं काहीही सांगा. ही मोकळ्या जागेत न्या, पाण्यात ठेवून उघडा. इथे नको. बाजूला बायका आहेत."

शेठने उस्तादला हाक मारून जवळ बोलावलं. मग म्हणाला, "उस्ताद, तू बोल. तेरे को क्या लगता है?"

उस्तादने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. बहुतेक दिलंच नसावं. आमच्याकडे स्टार्टरच्या डब्यांवर झाकणं बसवण्याचं काम चाललं होतं, ते सगळ्यांनी थांबवलं होतं. एकजण पोटुशी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच विचारलं, काय गं? मी म्हटलं, काही नाही, ते कापणार नाहीत. मला वाटलं विषय संपला.

दुपारी हे पायरीवर येऊन बसले. कुळथाची पिठी आणि भात होता.

"टाकीचं काय ठरलं?" मी विचारलं.

"संध्याकाळी टेम्पो बोलावतो म्हणालाय. खाडीकडे नेऊ."

"नक्की म्हणाला?"

"म्हणाला तर खरा."

यांनी भात कालवला. तेवढ्यात शेजारून आवाज सुरू झाला. कुकरची शिट्टी काढून घेतली की जशी वाफ सुटते तसा, पण तो कमी होईना, वाढतच गेला. हे तोंडातला घास तसाच धरून ऐकत राहिले.

"उस्ताद," एवढंच म्हणाले आणि उठले. डबा पायरीवर कलंडला.

नंतर कळलं ते असं. जेवणाच्या सुट्टीत शेठने उस्तादला म्हटलं होतं, जरासा बोल्ट ढिला करून बघ, काही असलं तर परत आवळ. उस्तादलाही ते पटलं असावं. त्याने दोन बोल्ट ढिले केले, तिसऱ्याला पाना लावला, आणि गंजलेला तो सगळा जोडच सुटला. शेठ दारात होता, तो पळाला. उस्ताद टाकीवर वाकलेला होता.

शेजारच्या गाळ्यातून पांढरा धूर जमिनीलगत बाहेर आला. आणि वास. सार्वजनिक मुतारीचा वास शंभरपट करावा तसा, पण तो नाकात थांबला नाही, सरळ डोळ्यांत शिरला. गल्लीत कोणीतरी "गॅस, गॅस" म्हणून ओरडलं. दुसऱ्या कोणीतरी "भोपाळ" म्हटलं. त्या एका शब्दाने सगळी गल्ली पळायला लागली. चहावाला पेटता स्टोव्ह टाकून पळाला. समोरचे प्रेसवाले पळाले. आमच्या समोरून माणसं जात होती आणि आम्ही जाळीतून हात बाहेर काढून "कुलूप, कुलूप" म्हणत होतो. कोणी थांबलं नाही. त्यांना दोष तरी काय देणार, त्यांनीही भोपाळचे फोटो बघितलेच होते.

यांनी कुलूप दोन्ही हातांनी ओढून बघितलं. जाळी हलवली. मग शेजारच्या दाराकडे बघितलं.

"हातोडा आत आहे," म्हणाले.

 यांनी शर्ट वर ओढून तोंडावर धरला आणि त्या पांढऱ्या धुरात शिरले. मी यांची पाठ दिसेनाशी होताना बघितली. जाळीची लोखंडी पट्टी मी दोन्ही मुठींत इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचे वळ उठले होते, ते संध्याकाळी दिसले.

मागे वळून बघितलं तर भिंतीच्या वरच्या फटीतून धूर आमच्याकडे उतरत होता. बायका दाराशी एकमेकींवर रेटल्या गेल्या होत्या. पोटुशी खाली बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. सगळ्यांत मोठी बाई देवाचं नाव घ्यायला गेली आणि खोकल्याने तिचं वाक्य तुटलं. माझे डोळे मिरची चोळल्यासारखे झोंबत होते. उघडायचे, पुन्हा मिटायचे.

तेव्हा बाहेरून एक आवाज आला, खडा, बाजारातला. खारदांड्याची एक कोळीण रोज दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नळाजवळ टोपली घेऊन बसायची. मांदेली, बोंबील, कधी सुकट. सगळी गल्ली पळाली, ती पळाली नव्हती.

"बरफाच्या फॅक्टरीचा गॅस हाय यो," ती ओरडून सांगत होती. "भोपाल नाय. बायांनो, फडके भिजवा, तोंडावर धरा. पानी घ्या, पानी."

आमच्या कोपऱ्यात प्यायच्या पाण्याचा माठ होता. आम्ही सगळ्यांनी पदर त्यात बुडवले आणि तोंडावर घेतले. पोटुशीच्या डोक्यावर मी उरलेलं पाणी ओतलं. त्याने खरंच फरक पडला. श्वास घेता येत होता, थोडा थोडा, आणि माणसाला श्वास घेता आला की विचारही करता येतो. मी कोळणीला विचारलं, "आमचे हे दिसतात का?"

"येतायत," ती म्हणाली. "भिंत चाचपीत येतायत."

हे आले. हातात मोठा हातोडा होता. डोळे घट्ट मिटलेले, त्यांतून पाण्याच्या धारा, चेहरा लाल झालेला. कोळणीने बादली भरून यांच्या तोंडावर मारली. यांनी डोळे उघडायचा प्रयत्न केला आणि मान हलवली.

"दिसत नाय माका," म्हणाले. "कुलूप खय आसा?"

मी जाळीतून हात बाहेर काढून यांचा हात धरला आणि कुलपावर ठेवला. यांनी ते चाचपलं. लोंबकळणारं कुलूप होतं. घाव घातला की हलणार, बाजूला जाणार. ते कोणीतरी धरायला हवं होतं.

"मी धरते," मी म्हटलं. "मी सांगते तसं मारा."

"हात काढ तुझा."

"काढला तर ते हलेल. मारा तुम्ही. आहे तिथून सरळ."

पहिला घाव जाळीवर बसला. सगळा दरवाजा थरथरला. "जरा खाली," मी म्हटलं. दुसरा कुलपाला चाटून गेला. "आता बरोबर, थोडं डावीकडे." तिसरा घाव कुलपावर बसला आणि माझ्या बोटावरही. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट. मी ओठ आवळून गप्प राहिले, कारण मी ओरडले असते तर हे थांबले असते आणि पुन्हा यांच्याकडून मारणं झालं नसतं. "पुन्हा तिथेच," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. यांनी पुन्हा मारलं, पुन्हा मारलं, आणि कुलपाची कडी निघाली.

दार सरकवून आम्ही बाहेर पडलो. पोटुशीला दोघींनी उचलून नळाकडे नेलं.

"सगळ्या आल्या?" यांनी विचारलं.

"आल्या."

"उस्ताद आत पडलाय."

हे वळले. मी यांचा शर्ट मागून धरला. मी नको म्हटलं की नाही, मला आठवत नाही. पण शर्ट धरला हे आठवतं. यांनी हात मागे करून माझी मूठ चाचपली आणि हळूच म्हणाले, "सोड."

मी सोडला. कोळणीने टोपलीखालचं गोणपाट नळाखाली भिजवून यांच्या डोक्यावर टाकलं, दुसरं हातात दिलं. मला म्हणाली, "तू हाका मार त्यांना. दिसत नाय ना, तुझ्या हाकेनं येतील."

नवऱ्याला मी चारचौघांत कधी मोठ्याने हाक मारली नव्हती. त्या दिवशी शेजारच्या दारापासून चार हातांवर उभी राहून, ओला पदर तोंडावरून काढून, मी "अहो, इकडे, अहो, इकडे" करत राहिले. मध्येच खोकला यायचा, थांबावं लागायचं. थांबले की वाटायचं आता यांना दिशा कळणार नाही. धूर तसाच बाहेर येत होता, फक्त आवाज जरा मंदावला होता. मी हाका मारत होते आणि आतून काहीच उत्तर येत नव्हतं.

मग उंबऱ्यावर आधी यांची पाठ दिसली. वाकून, उलटे चालत, उस्तादला काखांत धरून ओढत येत होते. कोळणीने आणि मी उस्तादचे पाय धरले. त्याच्या चेहऱ्याची कातडी पांढरी पडली होती आणि छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. तो जिवंत होता.

अग्निशमनवाले आले, बर्फाच्या कारखान्यात वापरतात तो अमोनिया आहे म्हणाले, आणि त्यांनी पाणी मारून सगळं शांत केलं. तोवर आम्ही एका टेम्पोत बसून इस्पितळात पोचलो होतो. यांचे डोळे कितीतरी वेळ धूत होते. डावा वाचला. उजव्यावर पांढरा पडदा आला तो कायमचा. माझ्या बोटाचं हाड मोडलं होतं. ते अजूनही वाकडंच आहे. बाकीच्या बायका दोन-तीन दिवस खोकून बऱ्या झाल्या. पोटुशीला पुढे मुलगा झाला, धडधाकट.

सुपरवायझर त्या संध्याकाळी किल्ली घेऊन आला होता म्हणे. दार उघडं, कुलूप खाली पडलेलं. किल्ली हातात धरून बराच वेळ उभा होता, असं समोरच्या प्रेसवाल्याने सांगितलं. वाईट माणूस नव्हता तो.

पंधरा दिवसांनी आमचा गाळा पुन्हा सुरू झाला. मी हाताला पट्टी बांधून गेले. दार नवीन रंगवलेलं होतं, आणि त्याला नवीन कुलूप. मालक स्वतः आला होता. आम्ही आत जायची वाट बघत उभा होता. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी काही पुढारी नव्हते, आयुष्यात कधी कोणाला उलटून बोलले नव्हते. पण पाय उचलेना.

"कुलूप लावणार असाल तर मी आत येत नाही," मी म्हटलं.

"तसा गॅस काय रोज सुटतो का?" मालक म्हणाला.

"तुम्ही बसा आमच्याबरोबर आत. मग लावा."

तो हसला. मी हसले नाही. मी पट्टीचा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. बाकीच्यांपैकी कोणी पुढे आलं नाही, पण कोणी आतही गेलं नाही. तो बराच वेळ घड्याळ बघत राहिला. शेवटी सुपरवायझरनेच त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, आणि कुलूप काढून टेबलाच्या खणात टाकलं. दिवाळीनंतर मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. पण मी होते तोवर दार उघडं होतं, आणि नंतरही उघडंच असायचं, असं तिथल्या एकीने सांगितलं.

उस्ताद महिन्याहून जास्त इस्पितळात होता. यांच्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवसापर्यंत हे त्याला भेटायला गेले नव्हते. मला कारण कळेना. विचारलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी तेका ओलांडून गेलंय गो. हातोडा भिंतीकडे होतो. जाताना माझो पाय लागलो तेका. येतानाही तो थयच होतो."

मी म्हटलं, "तुम्ही त्याला आधी आणलं असतं तर आम्ही आत राहिलो असतो."

"ता माका ठावक आसा," हे म्हणाले. "तरी."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. उस्ताद उशीला टेकून बसला होता. आवाज घोगरा झाला होता, एकेक शब्द थांबून बोलायचा. हे स्टुलावर बसले आणि इकडचं तिकडचं काही न बोलता जे झालं ते सांगून टाकलं. मला सांगितलं होतं तेवढंच, हिंदीत.

उस्ताद म्हणाला, "मुझे कुछ याद नहीं भाई."

हे मान खाली घालून बसले. खाटेशेजारच्या खिडकीतून रस्त्यावरच्या बसचे हॉर्न येत होते. जरा वेळाने उस्तादच पुन्हा बोलला.

"याद है. पाँव लगा था. मैं समझा, तुम निकल गए."

यांनी वर बघितलं. मला वाटलं आता हा माणूस शिवी देईल, किंवा तोंड फिरवील, आणि दोन्हीचा त्याला हक्क होता. त्याने माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"भाभी का हाथ कैसा है?"

"ठीक है," मी म्हटलं.

"बाकी औरतें?"

"सब ठीक हैं."

त्याने मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. त्यापलीकडे दोघांमध्ये त्यावर कधी बोलणं झाल्याचं मला माहीत नाही.

त्याचा भाऊ येऊन त्याला गावी घेऊन गेला. यांना पुढे मुलुंडला एका नळसामानाच्या दुकानात काम मिळालं, गोदामाचं. गुजरातचा ठेकेदार मध्ये एकदा घरी आला होता. तिकडे आता एका वेळी कितीतरी जहाजं उभी असतात, माणसं कमी पडतात, म्हणाला. यांनी त्याला चहा दिला आणि आपला उजवा डोळा दाखवला.

तीन-चार वर्षांनी उस्ताद एकदा मुंबईला आला तेव्हा नाहूरला आमच्याकडे आला. जिना चढताना त्याला दोनदा थांबावं लागलं. गावी थोडी शेती बघत होता. मुलीसाठी त्याने गुळाची ढेप आणली होती. दोघं चहा पीत बसले, पावसापाण्याच्या, मुलांच्या शाळेच्या गप्पा झाल्या. जाताना हे त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला निघाले. मी गॅलरीतून बघत होते. दोघं फार हळू चालत होते. रस्ता ओलांडायच्या आधी उस्ताद यांच्या डाव्या बाजूने उजव्या बाजूला आला, यांचं कोपर धरलं, आणि दोन्हीकडे बघून यांना पलीकडे घेऊन गेला.